टॅग

ड्रेस दोन हजार एकशे नव्व्याण्णवचा,
आणि आम्ही तिघी.
अल्फियानं ईदी दिली, प्रणोतीनं क्लासच्या झेरॉक्सचे पैसे,
मी कुठून आणले ते सांगणार नाही.
डब्यात तांदळाखाली काय असतं
हे प्रत्येक घराला माहीत असतं.

सात दिवसांत परत करायचा, टॅग न तोडता.
तेवढ्यात तिघींनी घालून घ्यायचा.
पैसे परत, फोटो कायमचे.
हिशेब इतका सोपा होता
की वाटलं, मोठं होणं म्हणजे हेच असणार.

आधी प्रणोती. विश्रामबागच्या नव्या कॅफेत
एक कोल्ड कॉफी, तीन स्ट्रॉ,
बिल यायच्या आत बत्तीस फोटो.
मग अल्फिया, आयर्विन पुलावर.
वारा सुटलेला, खाली कृष्णा आपल्याच तंद्रीत.
हसता हसता ती मधेच मान खाजवायची,
आत दुमडलेला टॅग टोचत होता.
"थांब गं, घाम पुसतो," म्हणाली,
"वास आला तर घेत न्हाईत परत."
दिवसभर ऊन चुकवत चाललो,
वडापाव अंगापासून लांब धरून खाल्ला,
बसलो नाही कुठेच.

माझी पाळी सहाव्या दिवशी.
आरशात मी कुणीतरी होते.
भिंतीचा पोपडा फोटोत येऊ नये
म्हणून दाराशी सरकले,
तर दारात आई,
मार्केट यार्डातून, हळकुंडं निवडून आलेली.
विचारेल वाटलं, कुणाचा, केवढ्याचा.
तिनं नुसतं बघितलं.
मागे येऊन गळा सारखा केला,
"ह्ये राहिलंय बघ. टोचंल,"
आणि दातानं दोरा तोडला.

ती पाय धुवायला गेली.
मानेखाली चार बोटं, पिवळी.
साबण लावला तशी लाल झाली.
"उन्हात टाक," मोरीतून म्हणाली, "उडतंय ते."

सातव्या दिवशी रिटर्नवाला आला,
पिशवी उघडून म्हणाला, टॅग?
माझ्या मुठीत होता, घामानं मऊ झालेला.
तो पुढच्या गल्लीत गेला.
तारेवर ड्रेस, खाली पायरीवर आम्ही तिघी,
कुणाचे किती, ते कुणीच काढेना.

रात्री आईनं तांदूळ काढले.
हात डब्यात जरा जास्तच वेळ राहिला.
मग दोन मापटी घेतली, निवडायला बसली.
मी मान खाजवत होते,
जिथं आता टोचण्यासारखं
काही उरलं नव्हतं.