निदानाचा रकाना

दांडिया बाजारातला हॉल. खुर्च्या तीनशे,
माणसं सत्तर-एक, पहिल्या रांगेत शाली.
डॉ. कुमुदिनी दिघे स्मृतिव्याख्यान, वर्ष चौथं,
विषय: आदिवासी आरोग्य.
फोटोतल्या बाई हाराला कंटाळल्यासारख्या दिसतात.

मी त्यांचा रेकॉर्ड क्लार्क. एकवीस वर्षं.
दर गुरुवारी सहा दहाची एसटी,
डभोई, बोडेली, मग कवांट,
मांडीवर गोळ्यांची पेटी, पेटीवर रजिस्टर.

मोहाखाली बाई बसायच्या
बडव्याच्या शेजारी, समोर नाही.
तिकडचा बडवा आजाऱ्याचं दुखणं दाण्यांत शोधतो.
त्याचे दाणे मोजून होईतो बाई थांबायच्या.
मला घाई. परतीची बस साडेचारला.

निदान काय लिहू, बाई?
ती बोलली तेच लिही.

म्हणून रजिस्टरात आहे:
जीव उंबऱ्याबाहेरच राहिलाय.
आणि आहे:
नवरा दगडाच्या भुकटीत मेला,
खोकला अजून घरात आहे.
निदानाचा रकाना कोरा.
त्यावर ऑडिटचा शेरा, लाल शाईत,
आणि खाली माझी सही, लाजलेली.

आज बोलायला जेमाबेन राठवा.
तिच्या आईची नोंद पान एकशे बारा.
खोकल्याचं ते वाक्य तिच्या आईचं.

तिने माईक खाली ओढला. कागद काढला नाही.
म्हणाली, आमच्यात कुणी सांगू लागलं
तर एकाने हुंकार द्यायचा असतो,
नाहीतर गोष्ट पुढे सरकत नाही.
दिघेबाईंनी माझ्या आईला सात वर्षं हुंकार दिला.
गोळ्या नंतर.
इथे कोण देतंय?

पंखे तेवढे बोलले.
एका प्राध्यापकाने चष्मा पुसला,
स्वच्छच होता, तरी पुन्हा पुसला.
संयोजक घड्याळाकडे.

मी घसा खाकरला,
आणि त्यातून निसटलं, बारीकसं:
हं.

ती थांबली. रांगांमधून मला शोधलं.
मग सांगू लागली. भुकटीचा कारखाना,
कुलूप लावलेलं उपकेंद्र,
झोळीत घालून नेलेली वहिनी, नदी, पलीकडची जीप.
दर दोन वाक्यांनंतर मी हं.
कोपऱ्यातला चहावाला पोऱ्या, तोही हं.
फार उशिरा एका शालीतून आवाज आला.

बाहेर चहा, लीलो चिवडा.
कुणीतरी विचारलं,
काय हो, कसं झालं व्याख्यान?
तोंडात चिवडा होता.
हं, म्हणालो.