शेऱ्याचा रकाना

साप्पोरोहून छापील तक्ता आला आहे.
सरासरी उपस्थिती. बाप्तिस्मे. वर्गणी.
शेवटी शेऱ्यासाठी रकाना, दोन बोटं रुंद.
रॉकेलच्या स्टोव्हपाशी बसून
पेनातली गारठलेली शाई
मी तळहाताच्या उबेनं सोडवतो.

उपस्थिती: सात.
(ऑर्गन वाजवणाऱ्या हिसानोसानना
एका कानानं ऐकू येत नाही, तरी पूर्ण धरल्या.)
बाप्तिस्मे: शून्य.
गेल्या वर्षीसारखंच, त्याच्या आदल्यासारखंच.
शून्य काढायला मात्र हात बसलाय आता,
एका दमात, सुबक, वाटोळं.

साप्पोरोत माझ्या हाताला यश होतं, तुला आठवत असेल.
तरुणांची सभा, ऐंशी खुर्च्या, वर आणखी मागवाव्या लागत.
प्रार्थनेत मी डोळे मिटायचो
आणि पापण्यांच्या फटीतून डोकी मोजायचो.
नाव तुझं घ्यायचो, ऐकू मला माझं यायचं.
इथे, या मासळी सरलेल्या किनाऱ्यावर,
मोजायला काही नाही म्हणून
पहिली दोन वर्षं तुझ्याशी धड बोललोही नाही.
उपदेश लिहिले, घासूनपुसून,
रिकाम्या बाकांना ऐकवले,
आणि चूक कुठे झाली ते शोधत राहिलो,
दुकानदार दिवसाअखेर गल्ल्यात बोटं फिरवतो तसा.

काल प्रभुभोजनाचा डबा घेऊन
तोमेसानकडे गेलो. वय एक्याण्णव.
बोलता बोलता त्या हेरिंगवर आल्या.
वसंतात समुद्र काठापासून दुधासारखा पांढरा व्हायचा,
मासा इतका, की वल्हं रोवलं तर उभं राहील.
मग एका वर्षी आला नाही. पुढच्याही.
गोदामं पडली, माणसं कोळशाच्या खाणीत गेली.
त्यांचे वडील तेवढे जाळं शिवत राहिले,
सतरा हिवाळे.

"आणि मासा?"
"नाही आला."
मुळ्याचं लोणचं त्यांनी माझ्यापुढे सरकवलं.
"मासा आणणं त्यांच्याकडे नव्हतंच, सेन्सेई.
भोक राहू द्यायचं नाही, एवढंच होतं त्यांच्याकडे."
मग हसल्या.
"झोप मात्र बापाला फार गाढ."

परतताना बर्फ पडत होता.
चर्चच्या पायऱ्या कुणीतरी साफ करून ठेवलेल्या,
फावडं भिंतीला टेकवलेलं.
मी कुणाला सांगितलं नव्हतं.
पावलांचे ठसे गल्लीच्या वळणापर्यंत दिसले,
पुढे बर्फानं पुसले.

तक्त्यात याला रकाना नाही.
शून्य तसंच राहू दे. खोडत नाही,
त्याच्यावर सबबीचं झाकणही घालत नाही.
तुझं शेत, तुझं माप.
मला एवढं म्हणायला इतकी वर्षं लागली
आणि उद्या मी पुन्हा डोकी मोजेन, ठाऊक आहे तुला.

शेऱ्यात लिहिलं:
छप्पर उजवीकडे गळतं.
उपासना नेहमीप्रमाणे, साडेदहाला.
स्टोव्ह विझवला.
उद्याचा उपदेश तिसऱ्या पानावर अर्धा राहिला होता,
तसाच सोडला
आणि अंथरुणात शिरलो.