एक लाख प्रवासी

तोर्सहाव्न. दुपारचे साडेतीन, आणि खिडकीत अंधार.
फेरीबोटीच्या तिकिटांचा नवा प्रोग्राम
सोमवारी दाखवायचाय.
खऱ्या प्रवाशांच्या नावांना हात लावायचा नाही,
कायदा आहे.
म्हणून ती फुकटातली लायब्ररी उतरवून घेतली.

ती कुणाच्या मालकीची नाही.
तळाशी राबलेल्यांची यादी:
कुणी मोंटेव्हिडिओचा, कुणी क्राकोची,
आणि आमच्या भाषेतली नावं घालणारी
कुणी राग्ना,
नऊ वर्षांपूर्वी, रात्री दोन वाजता,
खाली शेरा: सध्या एवढीच आठवतात.

एक ओळ लिहिली. एक लाख माणसं मागितली.
किटली उकळायच्या आत हजर,
नाव, गाव, जन्मतारीख, फोन,
गाडी आहे का, सोबत मेंढरं किती.

एक लाख.
आणि देशात आम्ही
तान्ह्या पोरांसकट जेमतेम पंचावन्न हजार.

हेयिन मागून वाकून बघत होता.
ओळ चारशे बारा. अगं, हा तर माझा मामा!
योग्वान, क्लाक्सविकचा.
पण दोन गाड्या कुठून दिल्यास त्याला,
त्याला सायकल येत नाही.
ओळ नऊशे तीस, हिनं मला गणित शिकवलं.
मग गप्प झाला. जन्मतारीख पाहून म्हणाला,
एवढी तरुण नव्हती ती कधी.

मोठ्या देशात खोटं नाव खोटंच राहत असेल.
आमच्याकडे कुठलंही नाव हवेत फेका,
खालून कुणीतरी ओ देतं.

आणि तिथंच गाडं अडलं.
दोन योग्वान, एक गाव, एकच बोट,
प्रोग्रामनं दोघांना मिळून एक तिकीट फाडलं.
असं कितीदा होणार, हेयिन म्हणाला.
मी बोटं मोजली.
माझ्याच गावात तिघं आहेत:
एक डोंगराकडचा, एक पोस्टातला,
आणि तिसऱ्याला सगळे म्हणतात
तो नव्हे, दुसरा.

रात्री दुरुस्ती केली.
या लायब्ररीला बी म्हणून एक आकडा द्यायचा असतो,
तेच बी, की तीच माणसं, त्याच क्रमानं उगवतात.
पुन्हा आला मामा, दोन गाड्या घेऊन,
मागून दुसरा योग्वान, अकरा मेंढरांसह.
या खेपेला दोघंही चढले.
मेंढरंही.

निघता निघता यादी उलटसुलट चाळली.
मार्युन कुठंच नाही.
माझं नाव कुणाला आठवलं नव्हतं.
मग ते घातलं, आणि त्याच्याखाली सुन्निवा,
आणखी सहा-सात, सुचतील तशी,
आणि पाठवून दिली.

दोन दिवसांनी राग्नाचं उत्तर आलं.
दुसरं नाव माझ्या सासूचं.
तेव्हा मुद्दाम गाळलं होतं.

यादीत बघितलं.
घेतलंय.