मधला सांधा

चाक आलं उद्यमबागेत, टेंपोतून, गोणपाटात गुंडाळून.
घटप्रभेच्या दरीतल्या जुन्या ट्रॉलीचं:
एक डबा वर, एक खाली, दोघांत एकच दोर,
हा उतरल्याशिवाय तो चढत नाही.
बावीस वर्षं बंद. आता चालू करणार म्हणे, पर्यटकांसाठी.
भरमाण्णा, असंच नवं ओतून दे की.

मी पॅटर्न करणारा. आधी लाकडात चाक,
मग वाळूत त्याचा ठसा, मग ठशात बीड.
कडेवरून हात फिरवला, ब्रेकच्या बाजूनं,
तर एके जागी अंगठा खाली गेला.
वीतभर खळगा, गुळगुळीत,
देवळाच्या पायरीला पडतो तसा.

हिरेमठ बाई म्हणाल्या, दोष आहे, नोंद करते.
मी फेऱ्या मोजल्या. वरून एकोणीस, खालून एकोणीस.
खळगा नेमका मधल्या सांध्यावर येतो,
रूळ फाकतात, डबे एकमेकांना ओलांडतात, तिथं.
तिथं थांबा नव्हता कधी.

सकाळी सहाला
बाबा पॉवरहाऊसची रातपाळी संपवून वर यायचे,
आई खाली कॅन्टीनला निघालेली.
कुलूप एक, किल्ली एक,
आणि कुलपाच्या आत मी, झोपलेला.
ती हात बाहेर काढायची, तेही काढायचे.
किल्ली इकडची तिकडं.
"सोमवार ते शनिवार एवढाच आमचा संसार,"
आई सांगायची, पदरात हसत.

विंचवर सिद्दलिंग कंबार असायचा.
ऐंशीचा झालाय, गोकाकात मुलीकडं राहतो.
कुंदा घेऊन गेलो, विचारलं.
बराच वेळ काही नाही.
मग हवेतच ब्रेकचा दांडा धरला त्यानं,
हळूहळू मागं ओढला.
"निधान," म्हणाला. "निधान."
आणि बोटाला लागलेला कुंदा चाटला.

पॅटर्नमध्ये खळगा ठेवता येत नाही.
पुट्टीनं भरला. पॉलिशपेपर मारला. दोनदा.

परवा चाचणी झाली, वाळूची पोती घालून.
बटणावर एक पोरगा.
डबे सांध्याशी आले
आणि गेले.
चाक कुठंच अडलं नाही, काम चोख आहे माझं.
उगीच खिसा चाचपला मी.

जुनं चाक भंगारात निघालं होतं.
किलोवर घेतलं. शेडच्या दाराला लावून ठेवलंय,
वाऱ्यानं दार मिटू नये म्हणून.