कोणता घेऊ

बोट मुंबईहून सुटणार शुक्रवारी,
आणि मी इथं विश्रामबागेत
पलंगावर चार कॅमेरे मांडून बसलोय,
स्थळं बघायला बसल्यासारखा.

अभिनंदनचा फोन : पप्पा, एकच.
तीन रात्रींसाठी अख्खं दुकान उचलून आणू नका.
जिनमतीची चौकशी वेगळीच.
बोटीवर कांदा-लसणाशिवाय काही मिळतं का,
दिवस मावळायच्या आत वाढतात का,
आणि चारी बाजूंना समुद्र असला
तर दिवस मावळला कधी म्हणायचं.

पहिली यशिका.
पोटाशी धरायची, वरून आत बघायचं,
डावं उजवीकडे, उजवं डावीकडे.
मान खाली घातलेल्या माणसापुढे
लोक कधी अवघडले नाहीत.
रोल मिळेल अजून, कोल्हापूरला सांगून ठेवला तर.
धुणार कोण?

दुसरा निकॉन, सगळ्यांत जड.
तासगाव ते कवठेमहांकाळ
पावणेदोन हजार लग्नं याच्या पोटात.
पट्ट्याचा घट्टा माझ्या मानेवर आहे,
न्हावी दर खेपेला विचारतो, हे काय ओ?

तिसरा पुरातला.
हरभट रोडला पाणी शिरलं तेव्हा
वरच्या फळीवर ठेवला होता, म्हणजे वाचेल.
पाणी वरच्या फळीपर्यंत आलं.
मग पंधरा दिवस तांदळाच्या डब्यात पुरला,
आणि त्या तांदळाचं काय करायचं
यावरून घरात दोन दिवस अबोला.
चालू होतो आता, त्याच्या मनात आलं तर.
भिंगाच्या आत कृष्णेचा गाळ आहे, नखाएवढा,
प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात उमटतो.
पुसायला मी कुणाला दिला नाही.
याला परत पाण्यावर न्यावं का,
असं जिनमतीला विचारलं.
म्हणाली, त्याला काय विचारायचं,
स्वतःला विचारा की.

चौथा प्रांजलचा. लहानपणीचा, गुलाबी, खिशात मावणारा.
हा माझ्या कपाटात कसा आला माहीत नाही.

दुपारी अल्बम काढले, तेवढीच मदत होईल म्हणून.
श्रवणबेळगोळ, अभिषेकाचं वर्ष,
पायऱ्यांवर घामेजलेली जिनमती.
मालवण, अभिनंदनची चड्डी वाळूनं भरलेली.
बहिणीचं डोहाळजेवण.
मी कुठंच नाही.
त्यात नवल काय, न्हाव्याची हजामत कोण करतो.
पण आज बहिर्गोल भिंग लावलं तेव्हा दिसलं,
जिनमती प्रत्येक फोटोत
जरा एका अंगाला सरकून उभी आहे.
तिच्या डाव्या हाताला
एक माणूस मावेल एवढी जागा.

इतकी वर्षं मी समजत होतो
हिला मधोमध उभं राहता येत नाही.
दोन-तीन फोटो तर मी कापून सरळ केले होते.

कुणाशी काही बोललो नाही.
चौघांचेही टायमर तपासले.
यशिकाची खुंटी अडकते.
निकॉनची कर्र करत सुटते, मधेच दम खाते.
पुरातल्याला कुठवर मोजायचं ते आठवत नाही.
गुलाबीचे बरोब्बर दहा सेकंद,
लाल दिवा लुकलुकतो, शेवटी शेवटी घाईनं.

गच्चीत टाकीवर ठेवला.
टाकीपासून दोरीपर्यंत नऊ पावलं,
तिथं जिनमती बसलेली,
प्रवासाच्या भडंगासाठी चुरमुऱ्यांना ऊन दाखवत.
बटण दाबलं. निघालो.
उजवा गुडघा माझ्या मागून आला.
"काय ओ, पळताय कशापायी?"

पहिल्या फोटोत माझी पाठ.
दुसऱ्यात नुसतं कोपर,
आणि तिचं उघडं तोंड.
तिसऱ्या खेपेला तिनं काही विचारलं नाही.
डाव्या बाजूचं चुरमुऱ्यांचं ताट
हातभर पुढं सरकवलं,
आणि टाकीकडे बघत राहिली.