रिकामी वाटी

यंत्र फिरतंय. सत्तर मिनिटं.
परळच्या सहाव्या मजल्यावर मी स्टुलावर,
पुढ्यात निवलेला चहा.
नळीच्या तळाशी जे बसेल
ते डोळ्यांना दिसत नाही,
म्हणून आधीच मार्करनं खूण करून ठेवते:
इथं असेल.
आहे असं धरून चालायचं.

पेशीनं बाहेर टाकलेल्या पुरचुंड्या.
पूर्वी त्यांना कचरा म्हणायचे.
घर झाडलं, केर दाराबाहेर लोटला, इतकंच.
मग कुणीतरी गाठ सोडून पाहिली.
आत चिठ्ठ्या होत्या, नीट घडी घातलेल्या.

बिघडलेली पेशी शेजारणीकडं वाटी पाठवते.
शेजारीण चांगल्या घरची,
दार लावून घ्यायला तिला कुणी शिकवलंच नाही.
घेते. चाखते.
आणि रिकामी वाटी परत कशी द्यायची, म्हणून
घरातलं काहीबाही घालून देते,
आज साखर, उद्या रक्ताची एक नवी वाट,
परवा स्वतःच्या भिंती.
तिला कुणी वाईट म्हणू नये.

काही पुरचुंड्या लांब जातात.
यकृतात, फुफ्फुसात.
गाठ अजून जागची हललेलीही नसते
आणि तिकडं पागडी भरून झालेली असते,
वॉचमनला चहापाणी पोचलेलं,
मोरीचा नळसुद्धा बदललेला.
बिऱ्हाड येतं तेव्हा
मजल्यावर कुणालाच ते नवं वाटत नाही.

घोडपदेवला आमच्या समोरच्या खोलीत
मंदोदरीकाकू वायंगणकर.
स्वादुपिंड. मार्चपासून.
रविवारी दारात उभी, हातात वाटी,
"खापरोळ्यांचो रस उरलो, घे गो."
आणि मी, जिला सगळं ठाऊक आहे,
जी नातेवाइकांना बसवून सांगते की हे असं पसरत नाही,
वाटीनं नाही, ताटानं नाही, हातानं तर नाहीच,
त्या माझा हात
मागं गेला.
एवढासाच. मग घेतली.

तिनं पाहिलं का, माहीत नाही.
"वाटी सावकाश दी," म्हणाली, "घाई नाय."

यंत्र थांबायला आलंय.
नळी तिरकी धरायची, वरचं पाणी ओतून टाकायचं,
खुणेपाशी जे दिसत नाही
ते जपायचं.

वाटी ओट्यावर आहे, घासून, पालथी.
चार दिवस झाले.
काय घालून देऊ?
साखर तर नको.