तिथीची पाऊणपट

तालुक्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण,
चहा, बिस्किटं, शिक्क्याचं प्रमाणपत्र,
आणि मी परतलो कोडिंगचा सर होऊन.
शाळेला पाच लॅपटॉप आले होते. त्यातले तीन
आचऱ्याच्या खाऱ्या हवेनं आधीच गप्प केलेले.
चौथ्यावर 'म' उमटत नाही.

पहिल्या दिवशी मशीन उघडलंच नाही.
सातवीला म्हटलं, मीच यंत्र. चालवा मला.
"चला," हर्षद तांडेल म्हणाला. मी चाललो.
बाकं संपली, फळा आला,
थांब म्हणायचं कुणालाच सुचेना.
नाकाला खडू लागला तेव्हा वर्ग हसून आडवा झाला,
आणि मागच्या बाकावरून वैजयंती कुबल बोलली,
"सर, सांगला तेवढाच करता ह्या. मनातला नाय."
माझ्या दोन दिवसांच्या वहीत
इतकं स्वच्छ वाक्य नव्हतं.

गणितही तिनंच आणलं, घरून:
तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची,
तितक्या वाजता पाणी भरतं.
मी पंधरा वर्षं अपूर्णांक शिकवतो,
हा कुणी मला शिकवला नव्हता.

तीन ओळी झाल्या. तिथी विचार. पाऊणने गुण. सांग.
वीज होती तेवढ्यात त्रयोदशी भरली
आणि पडद्यावर आलं:
भरती ९.७५ वाजता.

नऊ वाजून पंच्याहत्तर मिनिटं!
हर्षदनं भिंतीवरच्या घड्याळाला हात जोडले.
यंत्र खोटं बोलत नव्हतं,
तासाची मिनिटं साठ हे त्याला
कुणी सांगितलंच नव्हतं.
पूर्णांक बाजूला काढला, उरलेलं साठनं गुणलं,
पावणेदहा झाले. टाळ्या झाल्या.
वीज गेली.

शनिवारी सकाळची शाळा. त्रयोदशी.
वर्ग घेऊन खाडीच्या तोंडाशी गेलो,
तांबड्या रंगाच्या रेघा मारलेला बांबू रोवला.
पाणी नऊलाच वरच्या रेघेला टेकलं,
जरा रेंगाळलं आणि मागे फिरलं.
पावणेदहाला रेघ कोरडी.
"सर, समुद्र चुकलो," हर्षद म्हणाला
आणि नापास मुलाकडे बघावं तसा
त्याच्याकडे बघत राहिला.

वैजयंतीची आई तिथेच पाटी धूत होती.
तिला लॅपटॉप दाखवला. तिनं ओले हात पदराला पुसले,
तरी बोट लावलं नाही, लांबूनच वाचलं.
"ह्या गणित खंयच्या बंदराचा? वरच्या असात.
हयसर पाण्याक घाई.
आणि माका भरती कित्याक सांगतंस गो? सुकती सांग.
भरल्या पाण्यात मी तिसऱ्यो काढू?"

प्रशिक्षणात एक शब्द होता, वापरकर्ता.
व्याख्या लिहून घेतली होती, दोन गुणांची.
पाटी पालथी घालून ती निघूनही गेली.

सोमवारी वैजयंतीनं दोन ओळी वाढवल्या:
वजा पाऊण तास.
अधिक सहा तास.
आणि शेजारी, यंत्र वाचत नाही अशा अक्षरांत,
उद्या कुणी हे उघडलं तर त्याला कळावं म्हणून:
आमच्या खाडीसाठी.
आयेसाठी.

मग त्याखाली तिसरी,
जर वारा खालचा असेल तर
आणि पुढे काहीच नाही.

"पुढे काय?" मी विचारलं.
"आयेक इचारलंय. ती म्हणता, त्या त्या दिवशी बघूचा."
"अर्धी ओळ ठेवलीस तर यंत्र अडेल."
"अडांदे."

तर ते अडून बसलंय,
तांबड्या अक्षरांत एकच चूक दाखवत.
ती ओळ पुसून टाक, असं मी सांगायला हवं.
चार दिवस झाले,
मी चार्जर शोधतोय.